प्रयोग रंगला, पण मराठीत लिहिला कोणी?

खजरान्याची तिलचतुर्थी पौष वद्य चतुर्थीला असते, हे आम्हांला माघ शुद्ध चतुर्थीला कळले. कळले ते खजरान्यातच, देवळाच्या पायरीशी उभे असताना. २०२५ सालची ही गोष्ट. आमच्यापैकी एकाची मावशी इंदुरात खजरान्याच्या बाजूस राहते. तिच्या ओळखीतल्या एका मराठी गटावर कोणीतरी व्हॉट्सॲपवर मजकूर फिरवला होता : ‘खजराना गणेश मंदिरात माघ चतुर्थीला तीन दिवसांचा भव्य मेळा.’ हिंदी बातमीचे ते घाईघाईचे मराठीकरण होते, आणि ते आमच्यापर्यंत सीमाभागात येऊन पोहोचले. आम्ही कालनिर्णय उघडले, माघातली चतुर्थी पाहिली, १ फेब्रुवारी ही तारीख धरून पुण्याहून रात्रीची गाडी पकडली. मावशी दारातच म्हणाली, “अरे, मेला तर केव्हाच झाला! पंधरा दिवस होऊन गेले. तुम्ही आत्ता येऊन राहिले?”

चूक कोणाची म्हणावी? उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे त्यांचा माघातला कृष्णपक्ष हा आपला पौषातला कृष्णपक्ष असतो. हिंदी बातमीदाराने ‘माघ कृष्ण चतुर्थी’ लिहिले ते त्याच्या पंचांगाप्रमाणे अगदी बरोबर होते. तिलचतुर्थी त्या वर्षी १७ जानेवारीला झाली. बिघडले ते मराठीत आणताना. ‘कृष्ण’ गळला, महिना तसाच राहिला, आणि त्या एका गळलेल्या शब्दापायी चार माणसे अर्धा देश ओलांडून उठलेल्या जत्रेच्या मैदानात येऊन उभी राहिली.

बरे, ‘मेळा’ या शब्दानेही आमची फसगत केली, ती वेगळीच. आमच्यातले एक ज्येष्ठ स्नेही प्रवासभर सांगत होते की, इंदुरात अजून मेळे टिकून आहेत म्हणजे केवढी मोठी गोष्ट! त्यांच्या डोळ्यांपुढे जुन्या गणेशोत्सवातले मेळे होते. पदे म्हणणारी, नकला करणारी, छोटी नाट्ये बसवणारी पोरांची पथके. मराठी रंगभूमीला त्या मेळ्यांनी किती नट दिले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हिंदीत मात्र ‘मेला’ म्हणजे आपली जत्रा. पाळणे, खेळण्यांची दुकाने, खाण्याचे ठेले. तेव्हा आम्ही चुकलो ते दोनदा : तिथीने एकदा आणि अपेक्षेने एकदा. अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेल्या त्या देवळात दर्शन मात्र निवांत झाले, हे कबूल केले पाहिजे.

ही हकिकत आम्ही हसण्यासाठी सांगत नाही; हसून झाले आहे. सांगायचे आहे ते असे की, एखाद्या गावात काय होणार आहे आणि काय झाले, हे आपल्या भाषेत नीट लिहिणारा माणूस तेथे नसला, तर भाषा बोलणारे कितीही असोत, ती भाषा त्या गावात पाहुणी होऊन राहते. पुढे काय होणार ते पूर्वसूचनेत लिहितात आणि जे झाले ते परीक्षणात. या दोन कामांना आपण आजवर फार क्षुल्लक मानत आलो. नाटक येणे महत्त्वाचे, सभागृह भरणे महत्त्वाचे. चार ओळी कोणी लिहिल्या काय, न लिहिल्या काय! आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे.

त्याच मुक्कामात आम्ही इंदुरात एक मराठी नाटक पाहिले. नाटकाचे आणि आयोजकांचे नाव येथे देत नाही, कारण तक्रार त्यांच्याविषयी नाही. प्रयोग रंगला, सभागृह भरलेले होते, दुसऱ्या अंकात पडलेल्या शांततेत पंख्यांचा आवाज ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीकडच्या हिंदी दैनिकात सहा ओळी होत्या. ‘मराठी नाटक का मंचन हुआ, दर्शकों ने सराहा’, पुढे कलावंतांची नावे आणि शेवटी ‘नेपथ्य में’ म्हणून ज्यांचे नाव छापले होते, ते त्या नाटकाचे नेपथ्यकार होते. ज्या माणसाने तो दुमजली वाडा रंगमंचावर उभा केला, तो हिंदी वाचकाच्या लेखी पडद्यामागे सामानाची ने-आण करणारा कोणीतरी झाला.

येथे थोडे थांबावे, कारण शब्दांचा हा प्रकार मोठा मौजेचा आहे. संस्कृतात नेपथ्य म्हणजे नटाची वेषभूषा, आणि जेथे ती करतात ती पडद्यामागची जागाही. हिंदीने जागा उचलली. तिथे ‘नेपथ्य से’ आवाज येतो. मराठीने सजावटीचा अर्थ उचलला आणि तो वेषावरून रंगमंचाच्या मांडणीवर नेला. दोघींनी एकाच वारशाची वाटणी करून घेतली. दोघीही आपापल्या घरात बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकीचे दुसरीच्या घरात न विचारता ठेवले की. ‘प्रयोग’ हा शब्द असाच. मराठीत नाटकाचा प्रयोग होतो, तो रंगतो किंवा पडतो, त्याचे आकडे मोजले जातात, शंभरावा प्रयोग साजरा होतो. हिंदीत प्रयोग म्हणजे वापर, नाहीतर प्रयोगशाळेतली खटपट. म्हणून हिंदीने ‘मंचन’ हा शब्द घेतला, आणि तिच्यापुरता तो योग्यच आहे. पण इंदूरच्या मराठी निमंत्रणपत्रिकांवर आम्ही ‘नाटकाचे मंचन’ वाचले तेव्हा चुटपुट लागली. मंचन रंगत नाही आणि पडतही नाही. ते फक्त होते. ‘प्रयोग’ या शब्दात आज रात्रीचा खेळ कालच्यापेक्षा निराळा असेल ही जी शक्यता आहे, ती ‘मंचन’मध्ये नाही. दिग्दर्शकाचा ‘निर्देशक’ झाला, प्रेक्षकांचे ‘दर्शक’ झाले. ‘संशोधन’, ‘आपत्ती’, ‘चेष्टा’, ‘शिक्षा’ हे शब्द तर दोन भाषांत असे उलटे फिरले आहेत की, एखाद्या तरुण नटाच्या कामाबद्दल हिंदी समीक्षकाने लिहिलेली ‘अच्छी चेष्टा’ मराठीत तशीच आली, तर बिचाऱ्याला आपली टिंगल झाली असेच वाटेल.

आम्ही शब्दशुद्धीचे सोवळे नेसून बसलेलो नाही, हेही सांगितले पाहिजे. मावशीचे ‘येऊन राहिले’ आम्हांला गोड वाटते. नागपूरकडेही असेच बोलतात, आणि तेथील मराठी काही त्यामुळे बाटलेली नाही. रंगपंचमीला राजवाड्याच्या परिसरातून निघते ती ‘गेर’. तिला मराठीत ‘मिरवणूक’ म्हटले, तर पाण्याचे फवारे, गुलालाचे ढग आणि गच्च्यांवरून ओसंडणारी माणसे सगळी त्या शब्दाबाहेर राहतील. तो शब्द तसाच घ्यावा. अनंत चतुर्दशीच्या ‘झांकी’ला ‘चित्ररथ’ म्हणून काय साधणार? शब्द घेताना एवढेच पाहावे की, तो आपल्याकडे नसलेले काही आणतो आहे की असलेले काही घालवतो आहे. ‘गेर’ आणते, ‘मंचन’ घालवते. हा विवेक शाळेतल्या शब्दकोशाने येत नाही. तो दर आठवड्याला मराठीत परीक्षण लिहिणाऱ्याला येतो, कारण त्याला दर आठवड्याला याच शब्दांशी झगडावे लागते.

कोणी म्हणेल, इंदूरची मराठी काही दुबळी नाही. तुम्ही एका सहलीवरून न्याय करता. दुबळी नाही हे आम्हीच आधी सांगतो, आणि म्हणूनच दुखते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या शहरात तीनदा भरले : १९१७, १९३५ आणि २००१ साली. शेवटच्या संमेलनाच्या अध्यक्ष विजया राजाध्यक्ष या स्वतः समीक्षक. २०११च्या जनगणनेत मध्य प्रदेशात बारा लाखांहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. सानंद न्यास महाराष्ट्रातली नाटके नेमाने इंदुरात आणतो. त्याच्या सभासदांचे पाच गट आहेत, आणि प्रत्येक गटासाठी वेगळा प्रयोग लागतो. एकाच नाटकाचे इतके प्रयोग सभासदांच्या बळावर एका परमुलखातल्या शहरात होतात. महाराष्ट्रातल्या किती जिल्ह्यांच्या गावांना हे जमते, ते त्यांनीच सांगावे. त्या गटांची नावेही पाहा : एक रामूभैया दाते यांचे, एक राहुल बारपुते यांचे. एक रसिकांचा मेरुमणी, दुसरा संपादक.

या राहुल बारपुत्यांपाशीच आमचा मुद्दा येऊन ठेपतो. घरची भाषा मराठी. चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाट्यभारतीचे बाबा डिके आणि देवासचे कुमार गंधर्व यांच्याशी जिवाभावाची मैत्री. आणि आयुष्य घातले ते ‘नई दुनिया’ या हिंदी दैनिकाच्या संपादनात. हिंदी पत्रकारितेत त्या दैनिकाची जी प्रतिष्ठा झाली, तीत या मराठी माणसाचा वाटा फार मोठा. याबद्दल हिंदीचे अभिनंदन करावे, आणि बारपुत्यांविषयी तर आदरच बाळगावा. आमचा प्रश्न मराठीला आहे. असा माणूस, नाटकात रमणारा, गाण्यात बुडालेला, त्याने आपल्या भाषेत दर आठवड्याला लिहावे असे पान आपण त्याच्यापुढे कधी ठेवले का? हिंदीने पान दिले, पगार दिला, वाचक दिला. मराठीने श्रोता दिला, टाळी दिली, चहा दिला. मग लेखणी कोणीकडे जाणार? हिंदीने मराठीची लेखणी पळवली, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते खरे वाटत नाही. ती आपल्या अंगणात कित्येक वर्षे पडून होती.

सीमाभागातल्या वाचकांना आता वाटेल की, हे इंदूरपुराण आम्हांला कशासाठी? तर याचसाठी. १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस आपण काळा दिवस म्हणून पाळतो. त्याच दिवशी मध्य भारत राज्य संपले आणि इंदूर नव्या मध्य प्रदेशात गेले. एकाच तारखेने आपणां दोघांनाही महाराष्ट्राबाहेर ठेवले. पुढची वाट मात्र वेगळी. आपल्याकडे पाट्यांवरून, कागदपत्रांवरून, शाळांवरून संघर्ष झाला आणि अजून चालू आहे. इंदुरात तसे काही झाले नाही. तेथे मराठीला कोणी धमकावले नाही, मराठी फलकाला कोणी काळे फासले नाही. उलट होळकरांच्या भाषेचा मानच राखला गेला. आणि तरीही तेथील मराठी नाटकाची बातमी आज आम्हांला हिंदीत वाचावी लागली. सक्ती नसतानाही भाषा माघार घेते. घरात शिरते, देवघरात शिरते, सभागृहात दोन तास बसून येते आणि सकाळी वर्तमानपत्र दुसऱ्याच भाषेत उघडते. आपल्याला सक्तीचा इतका अनुभव आहे की, सक्तीखेरीज दुसरा शत्रू असतो हेच आपण विसरलो.

आता आपल्या दारातले पाहा. बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, भालकी, कारवार. नाटके येतात, कीर्तने होतात, एकांकिका स्पर्धा होतात, भजनी मंडळे गातात. आपल्याकडे मराठी वर्तमानपत्रे आहेत, इंदूरपेक्षा या बाबतीत आपण सुदैवी. पण त्यांत कार्यक्रमाविषयी काय येते? प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शन, ‘कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला’. व्यासपीठावरच्या अकरा जणांची नावे येतात, नायिकेचे येत नाही. ज्या पोरीने तिसऱ्या प्रवेशात संवाद विसरलेल्या सहनटाला सावरून घेतले, तिचे कौतुक तिच्या आईखेरीज कोणी करत नाही. याला बातमी म्हणावे, परीक्षण नव्हे. आणि मुंबई-पुण्याची परीक्षणे? माधव मनोहर, कमलाकर नाडकर्णी, जयंत पवार यांच्यासारख्यांनी मराठीत नाट्यपरीक्षणाची केवढी मोठी परंपरा उभी केली! पण त्या परीक्षकाने पाहिलेला प्रयोग शिवाजी मंदिरातला. तेच नाटक सहा-आठ महिन्यांनी आपल्याकडे येते तेव्हा एखादा नट बदललेला असतो, नेपथ्य टेम्पोत मावावे म्हणून निम्मे झालेले असते, ध्वनियंत्रणा आपल्या सभागृहाची असते. आपण जे नाटक पाहतो त्याच्यावर कोणी लिहिलेलेच नसते. आपण दुसऱ्याच नाटकाचे परीक्षण वाचून आपल्या नाटकाला जातो.

आणि प्रेक्षक? तो तर प्रयोगाचा अर्धा भाग. पु. ल. देशपांडे यांचे ‘तुझे आहे तुजपाशी’ १९५७ सालचे. घडते ते इंदुरात. त्यातले काकाजी आठवा. त्यांची ती हिंदी-उर्दूच्या मुरवणाची मराठी. पुण्यात त्या बोलीवर हशा येतो, कारण ती तेथे लज्जतदार परकी आहे. इंदुरात ती कोणाच्या तरी आजोबांची आहे. त्याच वाक्याला तेथे हशाऐवजी क्षणभर गप्प बसणारी माणसे असतील, तर ती शांतता कोण टिपणार? पुण्याच्या परीक्षकाला ती ऐकू येणे शक्य नाही. बेळगावात हेच नाटक लागले तर आपल्या कानाला काकाजींची मराठी कशी लागते, आपल्याला आपली कानडी हेल असलेली मराठी आठवते का, हेही आपणच लिहायचे आहे. एकाच नाटकाची ही तीन परीक्षणे शेजारी ठेवली तर मराठी भाषेविषयी जे कळेल, ते एखाद्या भाषाशास्त्राच्या परिषदेतही सहजी कळणार नाही.

आणखी एक. परभाषेच्या मुलखात राहणारा समाज हळूहळू फक्त आपल्याच कार्यक्रमांविषयी आपल्या भाषेत बोलू लागतो. मराठी मंडळाच्या कोजागरीवर मराठीत, बाकी सगळ्या शहरावर हिंदीत किंवा कानडीत. येथेच भाषा घरगुती होते. खजरान्यात गणपतीचे देऊळ आहे तसा नाहरशाह वलींचा दर्गाही आहे; तेथे उरुसाच्या रात्री कोण गायले, काय गायले, हे मराठीत का येऊ नये? अनंत चतुर्दशीला हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या कापड गिरण्यांच्या झांक्या इंदुरात रात्रभर निघतात. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली, तरी तिच्या नावाची झांकी निघत राहिली. बंद गिरणीचे कामगार दिव्यांची हलती चित्रे रस्त्यावर आणतात, आणि लाखभर डोळे ती पाहायला जागतात. याहून मोठे फिरते नाट्य कोणते? मुंबईच्या गिरण्यांवर मराठीत शेल्फेच्या शेल्फे लिहिली गेली. इंदूरच्या या गिरण्यांच्या रात्रीवर तेथे राहणाऱ्या मराठी माणसाने लिहिले, तर ते आम्ही हावरेपणाने वाचू. तसेच आपल्याकडचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले, त्याआधी तेथे येऊन गेलेल्या कर्नाटकातल्या भागवत मंडळींच्या खेळाची ठिणगी त्यामागे होती. आपल्या रंगभूमीचा पाळणाच सीमेवरून हलवला गेला. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, कुमार गंधर्व सुळेभावीचे. दोन्ही गावे बेळगाव जिल्ह्यातली, आणि कुमारांचे गाणे फुलले ते इंदूरशेजारच्या देवासला. असे असताना बेळगावात लागणाऱ्या कानडी नाटकाचे मराठी परीक्षण लिहिणे म्हणजे शरणागती, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचे मुळातच जमत नाही. जी भाषा शेजाऱ्याच्या कलेविषयी अधिकाराने बोलते, तिलाच गावात भाषा म्हणून वजन असते. मोर्चाने पाटी मिळते. वजन मिळत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपणही पेढे वाटले. त्या दर्जाने ताम्रपटांची, हस्तलिखितांची निगा राखली जाईल, आणि ती राखली गेलीच पाहिजे. काल संध्याकाळी साडेसहाचा प्रयोग सात वाजून दहा मिनिटांनी का सुरू झाला, हे मात्र कोणतेही केंद्र लिहून ठेवणार नाही. ते काम आपले.

तेव्हा मागणे साधे आहे. आपल्या गावात मराठीतला किंवा मराठी माणसाने पाहिलेला कोणताही खेळ असो : नाटक, कीर्तन, यक्षगान, कव्वाली, जत्रेतला तमाशा. आधी लिहायचे असेल तर तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहा, सभागृह आणि तिकीट लिहा, खेळ किती अंकांचा, लहान मुलांना न्यावा की नाही तेही लिहा. नंतर लिहायचे असेल तर व्यासपीठावरचे सत्कार वगळा. कोण कसे बोलले, कोठे कंटाळा आला, कोठे मागचा माणूस रडला, ते लिहा. वाईट झाले असेल तर वाईट लिहा. ओळखीचा दिग्दर्शक चार दिवस रुसेल, पाचव्या दिवशी तोच विचारायला येईल. शब्दमर्यादा नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, तंजावर, कोठूनही पाठवा, आम्ही छापू. ‘मंचन’ लिहिलेत तरी छापू, फक्त त्या जागी ‘प्रयोग’ घालून.

मावशीलाही आम्ही हे काम दिले आहे. पुढची तिलचतुर्थी ६ जानेवारी २०२६ला, पौष वद्य चतुर्थीला आहे, असे तिने तिच्या अक्षरात लिहून पाठवले. खाली एक ओळ जास्तीची होती : ‘ह्या वेळी पंधरा दिवस आधी या, नाही आले तरी चालेल, मी लिहून पाठवून राहिली आहे.’